हळदीचे फोटो: काय कापायचं आणि काय तसंच ठेवायचं

घरच्या हळदीत मोबाइलवर काढलेल्या फोटोत सगळंच येतं: नवरी, हळद लावणारी मावशी, मागे फ्रिज, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुणाचा तरी अर्धा खांदा. असे फोटो घाईने डिलीट करू नका. त्यातले बरेचसे नीट कापले की उभे राहतात. क्रांतिकारक चे गव्हेराचा जगभर पोचलेला चेहरा छायाचित्रकार आल्बर्तो कोर्दा यांनी १९६० साली क्युबातल्या हवानात टिपला, तेव्हा मूळ फ्रेममध्ये एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं होती. दोन्ही कापल्यावर तो फोटो घडला.

आधी फोटोची प्रत करून ठेवा. मग वाकडेपणा काढा आणि क्रॉप त्यानंतरच करा. फोटो फिरवला की कोपरे जातात. आधीच घट्ट कापलेला असेल तर मुंडावळ्यांची टोकंही त्यात जातात. सरळ करताना दाराची चौकट धरा. नाचणाऱ्यांचा फोटो जरासा तिरका असला तर मात्र राहू द्या, त्यात जोर असतो.

कापताना मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कड आणू नका, हात तुटल्यासारखा दिसतो. दंडावर किंवा मांडीच्या मध्यावर कापलेलं खटकत नाही. जवळच्या चेहऱ्यात कपाळाचा वरचा भाग गेला तरी चालतो, हनुवटी जाऊ देऊ नका. माणूस ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त जागा सोडा. शेवटी चारही कडांवरून नजर फिरवा. पांढरी खुर्ची कोपऱ्यात बोटभर उरली तरी डोळा तिकडेच जातो.

हललेला फोटो पारखायची सोपी रीत आहे. झूम करून मागची फरशी किंवा चौकट बघा. ती स्पष्ट आहे आणि फक्त हळद फासणारा हात पुसट आहे, तर हात हलला होता. तो फोटो ठेवाच, कारण त्या पुसटपणातच हळदीची झटापट दिसते. चौकटही दुहेरी दिसत असेल तर मोबाइल हलला होता. असा फोटो जितका कापाल तितका दोष मोठा होतो, म्हणून तो पूर्ण आणि छोटाच ठेवा. मांडवातल्या मंद उजेडात फोटोवर बारीक ठिपक्यांसारखे दाणे येतात, ते पुसायला जाऊ नका. फिल्टर दाण्यांबरोबर आजीच्या सुरकुत्याही पुसतं आणि चेहरा मेणाचा होतो. मिटलेले डोळे, हसताना वाकडं झालेलं तोंड, गालावरचा हळदीचा ओघळ हे सगळं राहू द्या. ब्यूटी मोड त्या दिवशी बंदच असू द्या.

किती कापायचं याला हद्द आहे. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला की २००० × १५०० उरतो. ६ × ४ इंची प्रिंटला, ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), १८०० × १२०० लागतात, म्हणजे तिथवर हरकत नाही. कापायला मूळ फाइलच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. तिचे पिक्सेल सहसा आधीच कमी झालेले असतात.

प्रिंटला देणार असाल तर क्रॉपचं लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ वर लॉक करा. मोबाइलचा फोटो सहसा ४:३ असतो आणि ६ × ४ च्या कागदावर आडव्या फोटोचा वर-खाली मिळून नववा भाग जातो. तो कुठून जाणार हे दुकानातल्या मशीनवर सोडलंत, तर मागे उभ्या असलेल्या उंच मामांचं डोकं आधी जाईल.