बायबॅकची निविदा: जुने संगणक आधी नीट मोजा

केंद्र सरकारच्या कार्यालयाला जुने संगणक देऊन नवे घ्यायचे असतील, तर सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 176 तशी मुभा देतो. सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी हवी आणि बायबॅकचं, म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवं घेण्याचं, कलम निविदेतच हवं. दर ठरल्यावर पुरवठादाराला ‘जुनंही घेऊन जा’ म्हणणं या नियमात बसत नाही.

सुरुवात जडवस्तू नोंदवहीपासून, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या वहीपासून, करा. प्रत्येक नग टेबलाशी जाऊन पडताळा: मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीचं वर्ष, रॅम, डिस्क, अवस्था. मग तीन गट पाडा: चालू, दुरुस्त होण्याजोगे, निव्वळ भंगार. निर्लेखन समितीने (जुनं सामान नोंदीतून बाद ठरवणाऱ्या समितीने) सगळ्यांवर सरसकट ‘निकामी’ लिहिलं की पुरवठादारांचे देकारही (निविदेत भरलेले दर) भंगाराच्याच भावाने येतात आणि अजून चार वर्षं चालले असते ते संगणक फोडले जातात. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या गटात ठेवा. त्यातल्या शिशाला किलोवर भाव मिळतो आणि त्यांना बॅटरी कचऱ्याचे 2022 चे वेगळे नियम लागू आहेत.

डिस्क कार्यालय ठेवून घेणार असेल तर यादीत ‘डिस्कविना’ असं स्पष्ट लिहा. देणार असाल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका, माहिती परत काढता येते, ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या माहितीवर दुसरी लिहून ती पुसून टाका.

यादी झाली की खोलीला कुलूप लावा आणि कॅबिनेटच्या स्क्रूवर सही केलेला कागद चिकटवा. नाहीतर कुणीतरी ‘तात्पुरती’ म्हणून रॅम काढतं, माल उचलायच्या दिवशी यादीत 8 जीबी आणि मशीनमध्ये 4 निघते, आणि तिथेच भाव पाडून मागितला जातो. देकार भरण्याआधी माल पाहायला एक दिवस द्या.

किमतीचे रकाने दोन ठेवा: नव्याची किंमत आणि जुन्याची. समजा 40 संगणक घ्यायचेत. ‘अ’ नव्याचे 20,00,000 सांगतो, जुन्याचे 40,000 देतो, निव्वळ 19,60,000. ‘ब’ नव्याचे 19,80,000 सांगतो, जुन्याचे 8,000, निव्वळ 19,72,000. ‘अ’ स्वस्त. पण जुना माल द्यायचाच नाही असं ठरलं तर ‘ब’ स्वस्त! नियम 176 जुना माल द्यायचा की नाही हा पर्याय खरेदीदाराकडे ठेवायला सांगतो, म्हणूनच तो पर्याय कधी वापरणार आणि देकारांचा क्रम कोणत्या आकड्यावर लावणार हे निविदेत आधीच लिहा. आमच्या मते निर्णय आर्थिक देकार उघडण्याआधीच व्हावा. उघडल्यावर बदललात तर लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवेल. जुन्या मालाची राखीव किंमतही, म्हणजे ज्याखाली तो द्यायचा नाही तो आकडा, आधीच काढून ठेवा, म्हणजे 8,000 हा आकडा वाजवी की थट्टा ते कळेल.

माल जातो कुठे हेही पाहा. ई-कचरा नियम 2022 प्रमाणे मोठ्या ग्राहकाने, म्हणजे वर्षात कधीही किमान 1,000 उपकरणं वापरणाऱ्या संस्थेने, ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा असतो. संगणक विकणारा दुकानदार बहुधा यांपैकी कुणीच नसतो. त्याच्याकडून नोंदणीधारकाचं संमतीपत्र देकारासोबतच मागवा आणि नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासा.

उचल किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने, तेही निविदेत लिहा. गेटपासवर नुसते ‘40 नग’ नकोत, अनुक्रमांक हवेत. नोंदणीधारकाची पोच हाती आल्यावरच नोंदवहीतून नोंद कमी करा.