जुन्या होंडा सिटीसाठी सस्पेन्शन आणि रिम कसे निवडावेत

१९९८ साली भारतात आलेली पहिली होंडा सिटी मुंबईत आजही जिवापाड जपली जाते. ती सजवायची म्हटलं की बहुतेक जण आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला रिम पसंत करून येतात आणि मग ते गाडीला बसवण्याची खटपट सुरू होते. हा क्रम उलटा करा. आधी सस्पेन्शन, मग टायर आणि रिम सगळ्यात शेवटी.

पहिलं काम तपासणीचं. गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि चाक दोन्ही हातांनी हलवून बघा. वर-खाली खेळ (ढिलेपणा) असेल तर बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळ्याचा सांधा) किंवा बेअरिंग गेलंय, आडवा असेल तर बहुधा टाय रॉड (स्टिअरिंग चाकाशी जोडणारा दांडा). लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचं, म्हणजे जोडातल्या गादीचं, रबर चिरलंय का, शॉकअपमधून तेल गळतंय का, हे टॉर्च लावून पाहा. स्प्रिंग ज्या वाटीत बसते ती मात्र नुसती पाहून भागत नाही. आपल्या खाऱ्या हवेत ती गंजते आणि वरून काळा रंग मारला की चांगली दिसते. स्क्रूड्रायव्हरने टोचा, पापुद्रे निघाले तर आधी ती दुरुस्त करा. बुश रबराचेच घ्या. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात, पण रोजच्या गाडीत हादरे आत येतात आणि ग्रीस सुकलं की ते कुरकुरतात.

आता उंची. माझं मत ठाम आहे: मुंबईत २५ मिलिमीटरपेक्षा जास्त गाडी खाली बसवू नये. पावसाळ्यातले खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर, सगळीकडे पोट घासतं. शिवाय शॉकअपचा खालचा प्रवास कमी होतो आणि तो बंप स्टॉपवर (प्रवासाच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर) आदळायला लागतो. म्हणून कडक स्प्रिंगसोबत तिला जुळणारे शॉकअप एकत्रच घ्या. स्प्रिंग कापून घेऊ नका, कोणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

टायरचा हिशेब सोपा आहे. मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या रबराची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. १७५/७० आर १३ची एकूण उंची सुमारे ५७५ मिलिमीटर. १८५/६० आर १४ची ५७८ आणि १९५/५० आर १५ची ५७६. म्हणजे स्पीडोमीटर तिन्हींवर जवळपास तेच दाखवेल. फरक पडतो तो टायरच्या बाजूच्या रबरात: अनुक्रमे १२२, १११ आणि ९७ मिलिमीटर. खड्ड्याच्या कडेचा मार हेच रबर सोसतं. १५ इंची जास्त देखणे दिसतात हे मान्य, तरी मी १४ इंचीच घेईन.

रिम घेताना पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचं माप) ४ बाय १००, म्हणजे चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर व्यास, आणि मधलं भोक ५६.१ मिलिमीटर हे पक्कं करा. भोक मोठं असेल तर मापाची हब रिंग (मधली फट भरणारी कडी) घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरू शकतं. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं मिलिमीटरमधलं अंतर, कागदावर मांडूनच ठरवा. साडेपाच इंच रुंद, ४५ ऑफसेटच्या रिमऐवजी सहा इंची ३८ ऑफसेटची लावली, तर चाक १३ मिलिमीटर बाहेर येतं आणि गाडी भरली की फेंडरला घासू शकतं. नटकडेही लक्ष द्या. होंडाच्या मूळ नटाचं टोक गोलाकार असतं, तर बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचं लागतं. जुनेच नट वापरले तर घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण हळूहळू सैल होतात. प्रसिद्ध जपानी डिझाइनच्या नकला बाजारात भरपूर आहेत. रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे मजबुतीच्या जपानी मानकांचे शिक्के शोधा, आणि शिक्काही नकली असू शकतो म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

बसवल्यावर नट टॉर्क रेंचने १०८ न्यूटन मीटरला आवळा, ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा आणि अलाइनमेंट करून घ्या. मग चार माणसं बसवून, टाकी भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून स्पीडब्रेकरवरून न्या. मूळ नट आणि रिम जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला आरटीओत जाताना ते परत लावावे लागू शकतात.