रिकाम्या जागेत टाकून दिलेल्या सुया सापडल्या तर त्या सुरक्षितपणे कशा उचलाव्यात

भाडेकरू सोडून गेलेली खोली, बरेच दिवस बंद असलेलं गोदाम, जिन्याखालची अडगळ, कुंपणाकडेची झुडपं. अशा ठिकाणी वापरलेली सिरिंज दिसली की बहुतेक जण ती पायाने बाजूला सरकवतात, नाहीतर दोन बोटांत धरून कचऱ्याच्या पिशवीत टाकतात. सरकवलेली सुई पालापाचोळ्यात दिसेनाशी होते. पिशवीतली सुई ती पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात किंवा मांडीत घुसते, आणि पुढचे कित्येक महिने तपासण्यांची धास्ती त्या माणसाच्या वाट्याला येते. म्हणून हे काम नीट शिकून घ्यायलाच हवं.

सगळ्या कामाला एकच नियम लावा: जिथे डोळा पोचला नाही, तिथे हात घालायचा नाही.

आधी मुलांना आणि पाळीव जनावरांना त्या जागेपासून लांब ठेवा. जाड तळव्याचे बंद बूट आणि लांब पँट घाला. हातमोजे जरूर घाला, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. रबरी हातमोजे रक्तापासून वाचवतात, सुई मात्र त्यांतून आरपार जाते. चामड्याचे जाड मोजेही पूर्ण संरक्षण देत नाहीत. खरा आधार लांब चिमट्याचा. काम दिवसाउजेडी करा. अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्च वरून न मारता जमिनीलगत आडवा धरा. वरून पाहताना फरशीच्या रंगात हरवलेली सुई आडव्या उजेडात चमकते आणि तिची बारीक सावलीही पडते.

डबा हवा जाड, टणक प्लॅस्टिकचा आणि घट्ट फिरकीच्या झाकणाचा. सुयांसाठीचा खास डबा मिळाला तर उत्तमच. नसेल तर कपडे धुण्याच्या द्रवाची जाड रिकामी बाटली चालते. काच फुटते आणि पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई बाहेर येते, त्यामुळे ती दोन्ही नकोत. डब्यावर ठळक अक्षरात लिहा: ‘धारदार वस्तू, उघडू नये’.

आता उचलण्याकडे वळू. सुई हातात घेऊन डब्यापर्यंत चालत जायचं नाही, डबा सुईपाशी न्यायचा. तो जमिनीवर सपाट ठेवा. दुसऱ्या हातात धरू नका आणि कुणाला धरायलाही सांगू नका, कारण चिमटा निसटला तर सुई त्याच हातात जाते. सिरिंज नळीच्या मध्यावर पकडा, टोक आपल्यापासून लांब राहू द्या आणि टोकाच्या बाजूनेच डब्यात सोडा. एका वेळी एकच. टोपण शेजारीच पडलेलं असलं तरी ते परत सुईवर बसवू नका. बसवताना नेम चुकतो आणि टोक थेट बोटात जातं. टोपण चिमट्यानेच वेगळं टाका. सुई वाकवू नका, मोडू नका. ब्लेड आणि काचेचे तुकडेही याच पद्धतीने उचला. डबा पाऊण भरला की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा.

दिसणाऱ्या सुया सोप्या असतात, न दिसणाऱ्या घात करतात. एकदा एक खोली रिकामी करताना मी गादी गुंडाळायला गुडघ्याने दाबणारच होतो, तेवढ्यात शिवणीतून जेमतेम नखाएवढं टोक वर आलेलं दिसलं. तेव्हापासून गादी, उशी, सोफ्याची फट, पडद्याची दुमड, जुन्या कपड्यांचे खिसे यांत मी हात घालत नाही. कापड चिमट्याने उलगडतो, फट टॉर्चने पाहतो. पाल्याचा ढीग कवेत उचलू नका. लांब दांड्याच्या दाताळ्याने पातळ पसरवा. कचऱ्याची पिशवी तोंडाशी धरून अंगापासून लांब न्या, आणि कचरा कधीही हाताने किंवा पायाने दाबू नका.

भरलेला डबा घरच्या कचऱ्यात किंवा पुनर्वापराच्या कचऱ्यात टाकू नका, सुया शौचालयातही सोडू नका. डबा कुठे स्वीकारतात ते स्थानिक स्वच्छता विभागाला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला विचारा. सुया फार असतील किंवा गटारात, छताच्या पोकळीत असतील, तर प्रशिक्षित माणसांनाच बोलवा.

रक्ताचे डाग वाळले म्हणून निर्धोक मानू नका. हेपटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस टिकतो. डाग साबणाच्या पाण्याने पुसा, मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी असं ताजं मिश्रण लावून १० मिनिटं राहू द्या. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं काही मिसळू नका. चिमटाही असाच धुवा.

इतकं करूनही सुई टोचलीच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, चोखू तर अजिबात नका. जखम झाका आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हेपटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लशीबद्दलही विचारा. घाबरून हातपाय गाळू नका: एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांतही संसर्गाचं प्रमाण हजारात सुमारे ३ आढळलं आहे. हेपटायटिस बीचा धोका, लस घेतलेली नसेल तर, याहून कितीतरी जास्त असतो. असं काम वारंवार करावं लागत असेल तर ती लस आधीच पूर्ण करून घ्या.

जागा मोकळी असेल तर पहिला जोराचा पाऊस झाल्यावर पुन्हा एक फेरी मारा. वरची माती वाहून जाते आणि खाली दबलेल्या सुया उघड्या पडतात. त्या फेरीलाही चिमटा आणि डबा सोबत असू द्या.