सालईच्या डिंकाचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासताय? या चुका टाळा

सातपुड्यातल्या सालईच्या खोडातून पाझरणारा डिंक, म्हणजे सालई गुग्गुळ, हल्ली बऱ्याच एम.एस्सी. प्रकल्पांत दिसतो. त्यातल्या बॉस्वेलिक आम्लांवर, म्हणजे राळेतल्या औषधी मानल्या जाणाऱ्या घटकांवर, काम व्हायलाच हवं. पण आकडे विचित्र आले की मुलं पेशींना दोष देतात. चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते.

डिंकातला गोंद पाण्यात विरघळतो, राळ अल्कोहोलमध्ये. नुसत्या पाण्यात काढा केला तर बॉस्वेलिक आम्लं चोथ्यातच राहतात आणि तुम्ही मुख्यतः गोंद तपासत बसता.

राळ डीएमएसओ या द्रावकात विरघळवता तेव्हा आधी गणित करा. २० मिग्रॅ/मिलीचा स्टॉक (मूळ दाट द्रावण) वापरून २०० मायक्रोग्रॅम/मिली डोस द्यायचा तर माध्यमात, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवात, १ टक्का डीएमएसओ जातो, आणि तेवढ्यानं पेशी आजारी पडू शकतात. १०० मिग्रॅचा स्टॉक घ्या, प्रमाण ०.२ टक्क्यावर येतं. सगळ्या वेल्समध्ये (प्लेटमधल्या खळग्यांत) ते सारखंच ठेवा, अर्क न घातलेल्या तुलनेच्या वेल्समध्ये, म्हणजे कंट्रोलमध्येसुद्धा.

अर्क माध्यमात टाकताच ताकासारखं पांढुरकं दिसलं तर तिथेच थांबा. राळ बाहेर पडली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर बसलेले कण दिसतील. मग कागदावरचा डोस आणि पेशींना मिळालेला डोस यांचा मेळ उरत नाही. शिवाय बॉस्वेलिक आम्लं माध्यमात घातलेल्या सीरममधल्या (रक्तद्रवातल्या) अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतात. १० टक्के सीरममधला निकाल २ टक्क्यांतल्या निकालाशी ताडू नका.

एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात आणि त्या रंगावरून पेशींचा अंदाज घेतात. तिच्यातली चूक मला सगळ्यात जास्त खुपते. एका विद्यार्थिनीच्या प्लेटमध्ये डोस वाढेल तसा जांभळा रंग गडद होत गेला. ‘मॅडम, अर्कानं पेशी वाढतायत का?’ आम्ही पेशी न घालता फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी घेतलं. तेही जांभळं झालं. अर्कातले अँटिऑक्सिडंट एमटीटीचं थेट क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन जांभळं करतात, जिवंत पेशी लागतच नाही. म्हणून हा पेशीविरहित कंट्रोल प्रत्येक डोसला लावा. रंग आला तर एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पीबीएसनं (पेशींना न दुखावणाऱ्या खारट बफर द्रावणानं) हलक्या हातानं धुवा, नाहीतर पेशींतली प्रथिनं मोजणारी एसआरबी चाचणी करा. रंग कमी झाला म्हणजे पेशी मेल्या असंही नाही. कदाचित त्यांची वाढ फक्त मंदावली असेल. मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूनं मोजून बघा.

कडेच्या वेल्समधलं पाणी उडतं, तिथे फक्त पीबीएस भरा.

‘निरोगी यकृतपेशी’ म्हणून डब्ल्यूआरएल-६८ ही पेशीमालिका वापरणारे शोधनिबंध आपल्याकडे अजून निघतात. त्या मुळात हेला पेशी आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्याच. ‘अर्क निरोगी पेशींना सोडतो’ हा दावाच तिथे कोसळतो. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून घ्या, पेशींची डीएनए-ओळख पटवणारं एसटीआर प्रोफाइल मागा, पेशींत लपून वाढणारे मायकोप्लाझ्मा जिवाणू आहेत का ते नियमित तपासा.

आयसी५०, म्हणजे परिणाम निम्म्यावर आणणारा डोस, लिहिताना शेजारी डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचाही आकडा द्या. कच्च्या अर्काचा आकडा ३० मायक्रोग्रॅम/मिलीच्या आत असला तरच तो पुढे नेण्याजोगा, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा रूढ निकष आहे. ३०० आला तर ३०० लिहा, ‘प्रभावी’ लिहू नका. तुमचा निबंध कुणा रुग्णाच्या मुलानं वाचला तर त्याला एवढं तरी कळू दे की हे सगळं प्लास्टिकच्या प्लेटमध्ये घडलं आहे.