मन मोडलंय तेव्हा देवाकडे कसं जायचं

सगळ्यात आधी एक करा, देवासमोर चांगलं वागायचं सोडा. पप्पा गेले त्यानंतर कितीतरी महिने मी प्रार्थनेत फक्त "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो" एवढंच म्हणायचे आणि आतून नुसती धुमसत असायचे, जसं काही माझा राग त्याला दिसतच नाही. मग एका रात्री स्तोत्र ८८ वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारावरच संपतं. आणि तरी ते बायबलमध्ये आहे, म्हणजे असं ओरडणं हीसुद्धा प्रार्थनाच, अविश्वास नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा खरं बोलले.

शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र १३ घ्या, ते जेमतेम ६ वचनांचं आहे. पहिल्या २ वचनांतच ते रचणारा दावीद राजा ४ वेळा "कोठवर?" विचारतो. एका वहीत तुमचे स्वतःचे कोठवर लिहा, जसे आहेत तसे, भाषा सजवायची नाही. शेवटच्या २ वचनांत तो भरवशावर येतो, पण तुम्हाला तिथपर्यंत आजच पोचायचं नाहीये, ती जागा कोरी ठेवा.

शरीराकडे बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता ना, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला तर परत उठवून खायला घातलं. देवाचा प्रश्न नंतर आला, ४० दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून झोप, जेवण, गोळ्या, काउन्सेलर हे सगळं विश्वासाच्या बाहेरचं समजू नका. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा, प्रार्थना करत करत जा.

माणसं निवडून घ्या. ईयोबाने मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलं तेव्हा त्याचे मित्र ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, शेवटी देव त्यांनाच म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. "तुझा विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यापासून सध्या लांब राहा. एकाच माणसाला सांगा, उत्तर नको, फक्त बस. आणि घरात कुणी मारहाण करत असेल तर तो देवासाठी सोसायचा तुमचा वधस्तंभ नाही, तिथून बाहेर पडा, हे मला अगदी ठासून सांगायचंय.

आपल्याच चुकीने सगळं मोडलं असेल तर योहानाच्या शुभवर्तमानातले अध्याय १८ आणि २१ एकामागोमाग वाचा. पेत्र या शिष्याने येशूला नाकारलं ते कोळशांच्या विस्तवाजवळ शेकताना, आणि पुनरुत्थानानंतर येशू त्याला भेटतो तिथेही कोळशांचा विस्तव असतो. आधी खाऊ घालतो, मग ३ वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तुम्हीही चुकीचं नाव घ्या, गोल गोल बोलू नका, आणि ज्याला दुखावलंय त्याच्याकडे जा.

आता विश्वास खोल कसा होतो, तर माझ्या बाबतीत आधी एक सौदा मोडला. मी चर्चला जाणार, दशांश (कमाईचा दहावा भाग) देणार, उपास करणार आणि त्या बदल्यात देव माझं घर सांभाळणार, असं माझं मनातल्या मनात ठरलेलं होतं आणि त्यालाच मी विश्वास म्हणत होते. प्रेषित पौलाने त्याला छळणारं दुखणं, ज्याला तो शरीरातला काटा म्हणतो, ते काढ म्हणून देवाला ३ वेळा विनंती केली, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे", काटा निघाल्याचं तो कुठेच सांगत नाही. देवाने दुःख मुद्दाम धडा शिकवायला पाठवलं असं मी म्हणणार नाही, मला ते पटतही नाही. पण वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं ओरडणारा येशू मला तेव्हाच कळला, आणि उठल्यावरही त्याने थोमा या शिष्याला व्रण दाखवले, पुसून नाही टाकले.

वहीतली ती कोरी जागा बरेच दिवस तशीच होती. मला म्हणवत नव्हतं तेव्हा मंडळीतल्या एक मावशी दर रविवारी माझा हात धरून ती शेवटची २ वचनं माझ्यासाठी म्हणायच्या.