हँडब्रेक ओढलेलाच राहिला आणि गाडी चालवली, तर?

पार्किंगमधून दहा-वीस फूट गाडी हलली आणि लगेच लक्षात आलं, तर घाबरू नका, काही बिघडत नाही. खरी काळजी आहे ती अर्धवट ओढलेल्या हँडब्रेकची. गाडी थोडी जड वाटते, पिकअप मिळत नाही, पण धावते. आणि तेवढ्या वेळात मागच्या चाकांचे लायनर (ब्रेकमधला घासणारा थर) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला घासून तापत राहतात. जळका, उग्र वास येतो तो त्याचाच. लायनर फार तापले की त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. ब्रेक ऑइल उकळलं तर पायातला ब्रेक मऊ पडतो, हे सर्वांत धोक्याचं.

वास आला की गाडी सपाट जागी बाजूला घ्या, हँडब्रेक सोडा, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. चाकाला हात लावू नका, आणि पाणी तर मुळीच ओतू नका. तापलेला ड्रम किंवा डिस्क वाकते, तडकते. निघण्यापूर्वी ब्रेक दाबून पाहा. पाय खोल जात असेल तर गाडी पुढे नेऊच नका. काही किलोमीटर अशी चालली असेल तर मागची चाकं उघडून लायनर तपासून घ्या.

हँडब्रेक सोडल्यावरही डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नसेल, तर ब्रेक ऑइलची पातळी बघा.