लॉस एंजेलिस खाऊन कसं बघायचं: एक रस्ता, एक वही आणि थोडं वाचन

लॉस एंजेलिसला आठवडाभरासाठी कोणी आलं की पहिलं काम काय, तर फोनवर बेस्ट रेस्टॉरंट्स शोधायची, वरची दहा नावं सेव्ह करायची आणि मग त्यातल्या तीन-चार ठिकाणी तासतासभर गाडी हाकत जायचं. पोट भरतं, पण शहर काही हाती लागत नाही. मला हे शहर थोडंफार कळलं ते खाण्यावर लिहिणाऱ्या लोकांमुळे, म्हणून त्यांच्यामागून कसं फिरायचं ते सांगते.

आधी वाचा, आणि सुरुवात जोनाथन गोल्डपासून करा. हा माणूस याच शहरात वाढला, १९८६ पासून इथल्या साप्ताहिकात छोट्या छोट्या रेस्टॉरंटांवर कॉलम लिहायला लागला आणि २००७ मध्ये त्याला समीक्षेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, रेस्टॉरंटवर लिहिणाऱ्याला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०१८ मध्ये तो गेला, पण त्याचे लेख नेटवर सापडतात. विशीत असताना त्याने ठरवलं होतं की पिको बुलेवार्ड या रस्त्यावरच्या प्रत्येक रेस्टॉरंटात एकदा तरी खायचं, डाउनटाउनच्या टोकाला सुरुवात करायची आणि पश्चिमेला समुद्राकडे सरकत जायचं. मला विचाराल तर शहर बघायची यापेक्षा चांगली रीत नाही.

वाचताना कुठलं हॉटेल कितव्या नंबरवर याच्या मागे लागू नका. वहीत तीन गोष्टी टिपा: रस्ता कुठला, पदार्थ कुठला, आणि तो करणारी माणसं इथे आली कशी. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण इथला खाण्याचा नकाशा म्हणजे जगभरातल्या उलथापालथींचा नकाशा आहे. अमेरिकेने १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आशियातून येणाऱ्यांना दार उघडलं, १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमधून कितीतरी कुटुंबं आली, ऐंशीच्या दशकात एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालात यादवी चालू होती तेव्हा तिथले लोक आले, आणि प्रत्येकाने आपापल्या वस्तीत चूल मांडली. हे डोक्यात असलं की समोरची प्लेट वेगळीच दिसते.

मग एकच रस्ता निवडा. खरंच एकच, दिवसभरात पाच वस्त्या उरकायच्या नाहीत. गाडी नसेल तर मेट्रोची बी लाइन पकडून हॉलिवूड-वेस्टर्नला उतरा, समोरच थाई टाउन, १९९९ मध्ये शहराने हे नाव अधिकृत केलं, आणि तिथेच लागून लिटल आर्मेनिया. डी लाइनने विल्शर-वेस्टर्नला उतरलात तर कोरियाटाउन, आणि तिथे कोरियन पाट्यांच्या मधेमधे मेक्सिकोतल्या वाहाकाचं खाणंही मिळतं, कारण ते लोकही त्याच वस्तीत राहतात. चायनीज खायचं असेल तर पूर्वेला सॅन गॅब्रिएल व्हॅलीत, व्हॅली बुलेवार्डवर. तिथे नुसतं चायनीज म्हणून भागत नाही, सिचुआन की तैवानी की कँटोनीज ते आधी ठरवायचं.

दारात गेल्यावर काचेवरचं अक्षर बघा. १९९८ पासून इथली काउंटी तपासणी करून ग्रेड लावायला लावते, ए म्हणजे ९० ते १००, बी म्हणजे ८० ते ८९, सी म्हणजे ७० ते ७९. हा स्वच्छतेचा मार्क आहे, चवीचा नाही. आणि खिशात कॅश असू द्या, छोट्या ठिकाणी लागते.

शाकाहारी असाल तर इथे दोन मिनिटं थांबा, कारण नुसतं नो मीट म्हणून चालत नाही. थाई जेवणात फिश सॉस असतो, किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीत, बहुतेक वेळा मासळीचं काहीतरी असतंच, आणि मेक्सिकन बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात, म्हणून सरळ स्पॅनिशमध्ये विचारायचं, "येवा मांतेका?", म्हणजे यात चरबी आहे का. सगळ्यात निर्धास्त जेवायचं तर फेअरफॅक्सवर लिटल इथिओपियात जा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार-शुक्रवार उपास असतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे उपासाची अख्खी थाळीच तयार आहे. मोठ्या आंबोळीसारखी आंबूस जाळीदार इंजेरा, तिच्यावर मसूर, वाटाणा, कोबी, पालेभाजी, आणि तिचाच तुकडा तोडून हाताने खायचं. आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आता पुपुसा, म्हणजे एल साल्वाडोरची सारण भरलेली मक्याची जाड भाकरी. पिकोच्या डाउनटाउनकडच्या टोकाला पुपुसेरियात काउंटरजवळची जागा धरा, तव्याकडे तोंड करून. मका चुन्यात शिजवून दळलेलं पीठ असतं, बाई त्याचा गोळा हातावर घेते, पुरण भरतो तसं आत बीन्स आणि चीज भरते, तोंड मिटवते आणि दोन्ही तळव्यांत थापत थापत गोल करते, लाटणं नाही, काही नाही. तव्यावर कडेने चीज बाहेर येतं आणि त्याची तपकिरी कुरकुरीत जाळी होते. सोबत व्हिनेगरमधली कोबी, तिला कुर्तिदो म्हणतात, आणि पातळ टोमॅटो सालसा. काटा-चमचा बाजूला ठेवा. लोरोको घातलेला मिळाला तर तोच घ्या, लोरोको म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एका वेलीच्या कळ्या, वास हिरवा, थोडा रानटी, दुसऱ्या कशाशी जुळवता येत नाही.

आणि त्याच रात्री लिहा. हे टाळू नका, दुसऱ्या दिवशी निम्मं उडालेलं असतं. अप्रतिम, लाजवाब, तोंडात विरघळणारं, हे शब्द वहीत येऊच द्यायचे नाहीत, कारण त्यातून पुढच्याला काहीच कळत नाही. कडेचं चीज करपलेलं होतं, कोबीने दात आंबले, शेजारच्या टेबलावर आजोबा एकटेच सूप पीत होते आणि टीव्हीवर फुटबॉल चालू होता, असं लिहा. तारीख, रस्ता, काय मागवलं, किती दिले, कोणाशी बोललात. गोल्ड बरेचदा "तुम्ही" करून लिहायचा, तुम्ही आत शिरता, तुम्ही बसता, आणि वाचणारा खरंच खुर्चीत जाऊन बसतो. एकदा तसं लिहून बघा, आपण काय बघायचं विसरलो ते लगेच सापडतं. मी तसं लिहायला बसले तेव्हा कळलं की त्या बाईचे हात मला आठवत होते पण तव्याशेजारच्या भांड्यात काय होतं ते मी बघितलंच नव्हतं.

लिहून झालं की त्या जागेबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा, आधी नाही, नाहीतर त्यांचेच शब्द तुमच्या वहीत उतरतात.

मग परत जा, त्याच ठिकाणी. एका जेवणावर मत बनवू नका. पहिल्या वेळी मेन्यूत ओळखीचं असतं ते आपण मागवतो, दुसऱ्या वेळी भिंतीवर हाताने लिहिलेला कागद वाचायचा, आणि तिसऱ्या वेळी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून ते काय आहे असं विचारायचं. लेखातली जागा बंद झालेली असली, जुन्या लेखांच्या बाबतीत हे होतंच, तर वहीत तारखेसकट तसं टिपा आणि त्याच ओळीतल्या पुढच्या दारात शिरा.